बाबांच्या हातांना पुन्हा काम देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊनही देता आलं असतं. पण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणत चहाचं विचारता आणि विषय तिथेच संपतो. शिवाय ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात टाकाऊ कागदातून वस्तू करायचा जो वर्ग तुम्ही घेता, ते काम आमच्या एका घरापुरतं नाही. ज्यांच्याकडे आई-वडील दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात, त्यांच्या कानावर ते जावं म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

बाबांनी उभा जन्म अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगच्या कामात काढला. छापील कागदांचे फर्मे दुमडायचे, शिलाई मारायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. कंपवात (पार्किन्सन्स) झाला तेव्हा आधी सही गेली. अक्षर बारीक बारीक होत गेलं आणि बँकेत सही जुळेना. मग चारचौघांत ते हात मांडीखाली दाबून बसायला लागले. ज्या हातांनी घर चालवलं, तेच हात ते लपवत होते, हे बघवत नव्हतं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही त्यांना एका वर्गाला नेलं होतं. तिथे कार्टूनची चित्रं रंगवायला दिली आणि प्रत्येकाच्या कागदावर चांदणी काढून टाळ्या वाजवल्या. बाबा पुन्हा गेले नाहीत. ते बरोबरच होतं. टाकाऊतून खेळणी म्हटलं की पुण्यात अरविंद गुप्तांचं नाव निघतं. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या खेळण्यांवर कितीतरी मुलं विज्ञान शिकली. पण ते काम मुलांसाठी मुलांचा विचार करून झालेलं आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या हातात काय द्यायचं याचा तेवढाच विचार करणारं कोणीतरी हवं असतं, आणि आम्हाला तुम्ही भेटलात.

तुम्ही आल्या आल्या कागद-कात्री वाटली नाहीत. गोल बसवून प्रत्येकाला विचारलंत, "तुमच्या हाताला कशाची सवय आहे?" कोणी शिवणकाम सांगितलं, कोणी टपाल खात्यात पाकिटं लावायचं काम. बाबा म्हणाले, "कागदाची." तुम्ही लगेच त्यांच्यासमोर वर्तमानपत्राचा गठ्ठा ठेवलात आणि म्हणालात, "काका, मला याच्या सरळ पट्ट्या हव्यात, पण कात्री नको. इथे निम्म्या लोकांना कात्री धरवत नाही. फाडून जमेल का?"

वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, हे त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना करून दाखवलं. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू एका दिशेला जास्त लागतात, म्हणून असं होतं. पुस्तकातही ते तंतू पाठीला समांतर असावे लागतात, नाहीतर पुस्तक नीट उघडत नाही आणि पुठ्ठा वाकतो. हे सांगताना बाबांनी घडी घातली, नखाने दाबली, कागद ओढला. हात थरथरला नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं की या आजारातला कंप हात नुसता पडून असताना जास्त असतो आणि हात कामाला लागला की बऱ्याचदा कमी होतो. आम्हाला ते आधी दिसलं होतं, तुमच्या टेबलावर.

मग तुम्ही मला बाजूला घेऊन गोळ्यांच्या वेळा विचारल्यात. गोळीचा असर चांगला असतो त्या तासाभरात बारीक घडीचं काम आणि असर उतरायला लागला की लगदा मळायचं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. दोन वेळा गोळ्या देऊनसुद्धा हे मला घरात सुचलं नव्हतं.

तुमच्या बाकीच्या युक्त्याही इथे लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. पाट सरकू नये म्हणून खाली ओला पिळलेला पंचा. ब्रशच्या दांड्याला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून तो जाड केलेला. पांढऱ्या कागदाखाली काळा पुठ्ठा, म्हणजे मोतीबिंदूवाल्यांना कड दिसते. गोंदाची बाटली दाबायला जोर लागतो म्हणून मैद्याची खळ, पसरट वाटीत. ती टिकावी म्हणून शिजवताना तुरटीची चिमूट. जोड सुकेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे, ज्यांनी बोटांनाही आपोआप व्यायाम होतो. यातलं काहीही विकत आणावं लागत नाही.

सामानही घरातलंच. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, उलटून गेलेल्या महिन्यांची कॅलेंडरची पानं. दुकानाची गुळगुळीत बिलं मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढायला लावलीत, कारण त्या कागदावर रसायनाचा थर असतो. वर्तमानपत्राच्या पिशव्या करायला घेतल्या तेव्हाही तुम्ही ठाम होतात. केंद्राजवळचा वडापाववाला दर आठवड्याला शेकडा घ्यायला तयार होता. तुम्ही नाही म्हणालात. छापील शाई खाण्याला लागू नये, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसं बजावलेलं आहे, हे तुम्ही त्यालाही समजावून सांगितलंत. पिशव्या गेल्या फुलवाल्या मावशींकडे आणि औषधांच्या दुकानात. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून मावशींना पिशव्यांची अडचण होतीच. ओल्या हारांनी पिशवीचा तळ सुटतो अशी त्यांची तक्रार आली, तेव्हा बाबांनी तळाला पत्रिकेचा पुठ्ठा घालून वरची कड आत मुडपून घेतली. आता ती पिशवी हार धरते. कौतुकाची टाळी आणि गिऱ्हाइकाची तक्रार यांतली तक्रार बाबांना जास्त मानवते, हे तुम्ही ओळखलंत. त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे.

लगद्याचा दिवस तर सांगायलाच हवा. तुम्ही कागद भिजवून आणला होता आणि टोपली कशी करायची ते सांगायला सुरुवात केलीत. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, मेथी कुठंय?" त्यांच्या माहेरी सुपाची भोकं कागद आणि मेथीच्या लगद्याने लिंपत. मेथी भिजली की चिकट होते, त्यामुळे लगदा धरून राहतो, आणि कडूपणामुळे किडा लागत नाही. तुम्ही तिथल्या तिथे आपली खुर्ची त्यांना दिलीत आणि स्वतः खाली बसून लगदा मळायला लागलात. पालथ्या पातेल्यावर फडकं घालून त्यावर त्यांनी बोटभर जाडीचा थर दिला, पाण्याच्या हाताने गुळगुळीत केला, आणि टोपली चांगली खडखडीत वाळल्याशिवाय पातेल्याला हात लावायचा नाही असा तुम्हाला दम भरला. एरवी त्या आजी सहसा बोलत नसत. त्यानंतर महिनाभर त्यांनीच वर्ग घेतला. इतकी वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवलेल्या बाईने शिकणाऱ्याच्या जागी एवढ्या सहज जाऊन बसावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आजार तसाच आहे. चालताना बाबांचे पाय अडतात, बोलणं पुटपुटल्यासारखं होतं, काही दिवस नुसते झोपून जातात. कागदाने ते बरं होणार नाही आणि तसं तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. पण मंगळवार-शुक्रवार ते स्वतःहून इस्त्रीचा सदरा मागतात. घरातली रद्दी ते वेगळी लावतात, घडीला चांगली इकडे आणि लगद्यात घालायची तिकडे, आणि मी पत्रिका मधोमध दुमडून ठेवली की ओरडतात. ते ओरडतात याचा आनंद घरात सगळ्यांना होतो.

तुम्ही मानधन घेत नाही, रिक्षाचे पैसेही घेत नाही, त्यावर आता वाद घालत नाही. मात्र बाबांनी एक ठरवलं आहे आणि ते तुम्हाला मान्य करावं लागेल. पुस्तकं दाबायचा त्यांचा लाकडी शिकंजा, दाभण आणि लोखंडी पट्टी ते केंद्राला देणार आहेत. जुन्या कागदाच्या पाठकोऱ्या वह्या बांधायला सगळ्यांना शिकवायचं त्यांच्या मनात आहे. शिकंजा जड आहे, माझा भाऊ येत्या मंगळवारी गाडीतून आणेल. खिडकीजवळच्या टेबलाची एक बाजू तेवढी मोकळी करून ठेवा, आणि बाबांना उजेड डावीकडून लागतो.

तुमची,
बाइंडरकाकांची मुलगी
पुणे