चाकू घेशील तेव्हा

चि. राणी,

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. मासा मोठा आहे, आणि तू त्याला पोटाखालून नीट आधार देऊन धरलं आहेस, तेही पाहिलं. पण त्याच्याआधी दिसली ती तुझ्या तर्जनीवरची पट्टी. तिच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. चाकू बोटावर मिटला हे मला ताईकडून कळलं. परवा फोनवर आपलं जे झालं ते राहू दे. तू विचारलं होतंस, रोज खिशात ठेवायला आणि गळ टाकायला जाताना न्यायला चांगला घडीचा चाकू कुठला घ्यावा, त्याचं उत्तर इथे शांतपणे लिहिते. फक्त चाकूबद्दल लिहायचं ठरवलं आहे. तू पाण्यावर एकटी जातेस त्याबद्दल काही लिहिणार नाही.

आत्ताच्या तुझ्या चाकूला खटका, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं लॉक, नाही. पातं उघडं राहतं ते फक्त मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगच्या दाबावर. नुसतं कापत असशील तर काही होत नाही, कारण कापताना येणारा जोर पात्याला उघडं ठेवण्याच्याच बाजूचा असतो. पण टोक खुपसलंस आणि ते कशाला अडलं, किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, की स्प्रिंग नमते आणि पातं सरळ मुठीकडे येतं. मुठीवर तुझी बोटं. माशाच्या डोक्यामागे टोक घातलं असशील आणि तिथे हाड लागलं असेल. मी तिथे नव्हते तरी मला ते दिसतं.

म्हणून पहिली गोष्ट खटका. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा तो प्रसिद्ध लाल चाकू, १८९७ सालच्या ऑफिसर चाकूपासून चालत आलेला, मला फार आवडतो. घरात, ऑफिसात, प्रवासात त्याच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही. पण त्याच्या नेहमीच्या, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणाऱ्या मॉडेलांना खटका नसतो, तेव्हा ओल्या हातांनी मासा साफ करायला ती नकोत. त्यांचेच १११ मिलिमीटरचे मोठे चाकू खटक्याचे मिळतात, ते बघ. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूने सरकून पात्याच्या बुडाला टेकते. सोपा असतो, एका हाताने बंद होतो. पण बंद करताना अंगठा काही क्षण पात्याच्या वाटेत असतो. चिकट, बुळबुळीत हाताने ते करताना घाई नको. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची दांडी दाबली की पातं सुटतं. तो मजबूत, पण त्याच्या खाचेत खवला जाऊन बसला तर दांडी पूर्ण खाली बसत नाही आणि खटका लागला असं नुसतं वाटतं. त्यामुळे प्रत्येक वेळी उघडल्यावर टक असा आवाज ऐकायचा आणि दांडी मुठीच्या पाठीशी सपाट बसली का तेही बघायचं.

घेताना तपासून घे. चाकू उघड, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेव आणि पात्याच्या पाठीवर तळव्याने हळूहळू दाब वाढव. खटका सुटला किंवा नुसता सरकला तरी तो चाकू परत ठेव. मग पातं चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून बघ. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी खेळ जाणवला तर पुढे तो वाढतच जाणार. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतं का, टोक कुठे बाहेर डोकावतं का, हेही बघ. खिशात हात घालताना तुला ते टोक आधी दिसणार नाही.

अण्णांचा चाकू तुला आठवत असेल. लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल, आठ नंबरचा. मुठीच्या गळ्याशी पोलादी कडं, पातं उघडून ते फिरवलं की कुलूप. ओपिनेलचे चाकू १८९० पासूनचे, पण ते कडं १९५५ साली आलं. इतकी साधी युक्ती, त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. मुठीचं लाकूड मात्र पाणी पितं. पावसात भिजलं की फुगतं आणि पातं आवळून धरतं.

तशाच एका ओल्या दिवशी आम्ही तिघं गेलो होतो, अण्णा, मामा आणि मी. मामा गुडघाभर पाण्यात उभा होता. वरून एक मोठी फांदी वाहत आली आणि नेमकी त्याच्या गळाच्या दोरीत अडकली. सैल पडलेली दोरी त्याच्या पोटरीभोवती गुंडाळली गेली होती, ती एकदम ताणली आणि त्याचा पाय सुटला. अण्णांनी त्याची कॉलर धरली. दुसऱ्या हाताने खिशातला चाकू काढला, पण तो एका हाताने उघडेना. नखाची खाच धरायला दुसरा हात हवा, आणि दुसऱ्या हातात मामा. त्यांनी चाकू माझ्याकडे फेकला. मी खाचेत नख घातलं, नख दुमडलं, पुन्हा घातलं, आणि पातं चर्र करत वर आलं. कडं फिरवून, मूठ पुढे करून मी तो परत दिला. अण्णांनी दोरी एका फटक्यात तोडली. नंतर कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही. मामाच्या पोटरीवर ती बारीक रेघ अजून आहे, विचार त्याला.

तेव्हापासून मी मानते, की पाण्याजवळ चाकू नसण्याची भीती चाकूच्या भीतीपेक्षा मोठी आहे. ताई म्हणते मी तुला घाबरवते. मला तुझ्या हातात चाकू हवाच आहे. पण त्या दिवशी तिथे तिसऱ्या माणसाचे दोन हात होते. तुझ्याजवळ कोण असतं?

बघ, पुन्हा तिथेच आले. राहू दे.

तर, एका हाताने उघडणारा घे. पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी किंवा भोक असतं, तसा. एकेका हाताने, दोन्हींनी आळीपाळीने, उघडून बघ. उजवा अडकला तर डाव्याने उघडता यायला हवा. घरी बसून, हात ओले करून सराव कर. मूठ पारखायचीही हीच रीत: हाताला साबण लाव आणि मिटलेला चाकू घट्ट धरून बघ. गुळगुळीत ॲल्युमिनियम लगेच निसटतं. खडबडीत पृष्ठाचं जी-टेन (काच-तंतूंचं कापड आणि राळ यांचा कडक थर) किंवा काच-तंतू मिसळलेलं नायलॉन ओल्या हातात टिकतं आणि पाणी पीतही नाही. पात्याच्या सुरुवातीला बोट अडेल असा उंचवटा असू दे, म्हणजे जोर लावताना हात धारेवर सरकणार नाही. शेवटाला दोरीचं भोक हवं. रंग केशरी किंवा पिवळा घे. काळा चाकू दिसायला झकास, पण संध्याकाळी गवतात पडला की गेला.

पोलादाबद्दल दुकानदार तुला खूप काही सांगतील. अण्णांचं पातं कार्बन पोलादाचं होतं. धार उत्तम, पण जरा ओलं राहिलं की गंजाचे ठिपके. ते रोज पुसायचे, तेल लावायचे, आणि वर्षानुवर्षं त्या पात्यावर करडी-निळी झाक चढत गेली. तुझ्याकडे तेवढा वेळ नाही, तू स्टेनलेसच घे. स्टेनलेस म्हणायला पोलादात क्रोमियम निदान १०.५ टक्के लागतं. पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नकोस. डी-टू नावाच्या पोलादात ते १२ टक्क्यांच्या आसपास असतं, तरी त्यावर डाग पडतात, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला मोकळं राहत नाही. गोड्या पाण्यासाठी १२सी२७ किंवा १४सी२८एन ही स्वीडिश पोलादं पुरेशी आहेत. समुद्रावर नेहमी जाणार असशील तर एलसी२००एन हे पोलाद बघ; त्यात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो, म्हणून खारं पाणी त्याला फारसं बाधत नाही. कडकपणा रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५९ असला की बास. त्याहून फार कडक पातं धार जास्त दिवस धरतं, पण हाडावर त्याचे बारीक टवके उडू शकतात, आणि ते घरी पाजळणं तुझ्या जिवावर येईल.

पातं सात ते साडेआठ सेंटिमीटर. दोरी तोडायला, आमिष कापायला, माशाचं पोट उघडायला इतकं पुरतं. माशाच्या काट्यावरून मांस सलग सोडवायला लांब, पातळ, लवचीक पातं लागतं, ते काम घडीच्या चाकूचं नाही. त्यासाठी न मिटणारी वेगळी सुरी म्यानासकट ठेव. अर्धी धार दातेरी असलेले चाकू मिळतात. विणलेली दोरी त्यांनी पटकन तुटते हे खरं, पण ते दाते सपाट दगडावर पाजळता येत नाहीत. सरळ धार घे आणि ती राख.

धार राखणं तुला येतंच, तरी लिहिते. हजार नंबरचा दगड पुरे. पातं दगडावर काटकोनात उभं धर, निम्मं वाकव, पुन्हा निम्मं. आला साधारण बावीस अंशांचा कोन, तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कोर लागेपर्यंत. मग बाजू बदल. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोराने सुटलेला हात कुठे जाईल ते कुणाच्या ताब्यात नसतं. तू घाईत असलीस की जोर लावतेस. लहानपणी पेन्सिलीला टोक करतानाही लावायचीस.

घरी आलीस की चाकू उघडून गोड्या पाण्याखाली धर. जुन्या टूथब्रशने खिळ्यापाशी आणि खटक्याच्या खाचेत घास, कारण रक्त आणि खवले तिथेच साचतात. उघडाच पूर्ण वाळू दे, मग खिळ्यावर खनिज तेलाचा एक थेंब. खायचं तेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं. विमानाने जाशील तेव्हा केबिनच्या बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाक. आणि राहतेस तिथे खिशात किती लांबीचं पातं बाळगता येतं, खटक्याचा चाकू चालतो का, हे आधी विचारून घे. ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात.

खूपच उपदेश झाला. राग मानू नकोस. तू स्वतः गाठ बांधलीस, स्वतः मासा काढलास, आणि त्याआधीचे लहान मासे पाण्यात परत सोडलेस, हे ताईने सांगितलं तेव्हा मी शेजारच्या काकूंनाही सांगून आले. अण्णा असते तर त्यांनी तो फोटो खिशात घालून फिरवला असता. तुझे बाबा काही बोलले नाहीत, पण फोटो दोन्ही बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत होते. मासाच बघत असतील, असं मी मानून घेतलं.

जाशील तेव्हा निघताना आणि परतल्यावर ताईला दोन शब्द कळवत जा. मला नको कळवूस, तिला कळव. एवढंच मागते.

चाकू आवडला की आधी नाव पाठव. घेतल्यावर त्याचा व्हिडिओ पाठव, उघडतानाचा नको, बंद करतानाचा.

तुझी
आई

ता. क. पट्टीचं बोट कसं आहे ते पुढच्या पत्राची वाट न बघता कळव. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना विचार, माशाच्या पाण्यातली जखम स्वच्छ धरत नाहीत. बोट लाल झालं, सुजलं किंवा ठणकायला लागलं तर उद्यावर टाकू नकोस.