विलिंग्डन बेटावरून निघणाऱ्या जहाजापर्यंत आम्हाला पोहोचवणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

लक्षद्वीपहून परतल्यावर आई आणि मी आपल्याकडे आलो होतो, तेव्हा आभाराचे दोन शब्द बोलू दिले न बोलू दिले तोच आपण चहा मागवलात आणि जहाजाच्या इंजिनाविषयी विचारू लागलात. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते चारचौघांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे. कारण आपण आमच्यासाठी जे केलेत ते नागपुरातल्या अनेक घरांना उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे. आपले नाव लिहू नये ही आपली इच्छा मी पाळली आहे.

आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. कंकणाकृती प्रवाळद्वीप कसे तयार होते, हे तिने फळ्यावर किती वेळा काढून दाखवले असेल याची गणती नाही. पण गिरगाव चौपाटीवरून पाहिलेल्या समुद्रापलीकडे तिचा आणि समुद्राचा संबंध आला नव्हता. सत्तरी ओलांडल्यावर आणि दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिने जहाजाने लक्षद्वीपला जायचे ठरवले, तेव्हा आम्हाला दोनच प्रकारची माणसे भेटली. नातेवाईक म्हणाले, या वयात हा हट्ट कशाला. सहली काढणाऱ्या एका संस्थेतील गृहस्थ म्हणाले, काही त्रास नाही, सगळी सोय असते. यातले कोणीही आईला नेमके काय करावे लागेल हे सांगत नव्हते. ते आपण सांगितलेत, आणि माझी खरी कृतज्ञता त्याबद्दलच आहे.

मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन नागपुरात स्थायिक झालेल्या माणसाकडे आम्ही गेलो, ते जहाजाचे कौतुक ऐकायला मिळेल या समजुतीने. आपण मात्र पहिल्याच भेटीत आईला समोर बसवून अडचण सांगितलीत. लक्षद्वीपची बेटे प्रवाळाच्या कड्यांनी वेढलेली आहेत, आतले पाणी उथळ आहे, त्यामुळे मोठे जहाज बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना जहाजाच्या कुशीतल्या दारातून हलत्या होडीत उतरावे लागते. होडी लाटेबरोबर वर येते आणि खाली जाते. ती वर येऊन दाराच्या पातळीला आली की त्या क्षणी पाऊल टाकायचे, आणि तो क्षण प्रवाशाने ठरवायचा नाही, खलाशाने ठरवायचा. आपण आईला विचारलेत, ‘कोणी टाक म्हटल्यावर विचार न करता पाऊल टाकता येईल का?’ आईने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, ‘शिकवले तर येईल.’

त्यानंतर आपण आमच्या इमारतीच्या जिन्यावर घेतलेली तालीम शेजाऱ्यांनाही आठवत असेल. उन्हाच्या झळा ओसरल्यावर, दिवे लागणीच्या सुमारास आपण यायचात, खालच्या पायरीवर मला आणि माझ्या भावाला उभे करायचात आणि आईला वरच्या पायरीवरून उतरायला लावायचात. समोरच्याचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचे, म्हणजे घामाने हात निसटला तरी पकड सुटत नाही, हे आम्हाला प्रथमच कळले. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर हवी, चपलेला मागे पट्टा हवा. साडीचा प्रश्न नाजूक होता. आईने उभ्या आयुष्यात प्रवासात साडीशिवाय काही नेसले नव्हते, आणि मी तो विषय काढला असता तर ती रागावली असती. आपण मात्र सरळ सांगितलेत की निऱ्यांमध्ये पाय अडकला तर धरणारा खलाशीही पडेल. दुसऱ्या दिवशी ती स्वतः सीताबर्डीला जाऊन दोन सलवार-कुर्ते घेऊन आली.

कागदपत्रांच्या बाबतीतही आपण आम्हाला वेळेवर जागे केलेत. बेटांवर मूळ रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला प्रवेशपरवाना लागतो, त्यासाठी पोलिसांचा दाखला काढावा लागतो, आणि जहाजाचे आरक्षण होण्याआधीच ही तयारी सुरू करावी लागते. महिना निवडण्यामागचा आपला विचार तर मला फार मोलाचा वाटतो. शाळांना सुट्ट्या लागल्यावर मे महिन्यात जावे असे आमच्या घरात ठरत होते. आपण एप्रिलचा आग्रह धरलात, कारण मेच्या मध्यापासून त्या समुद्राचा स्वभाव बदलू लागतो, पर्यटकांचा हंगाम तिथे संपतो, आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ याच बेटांच्या आसपास आकाराला आले होते. आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मे महिन्यावर फुली मारली.

केरळ एक्सप्रेसने नागपूरहून एर्नाकुलमला पोहोचलो आणि व्हेंडुरुत्ती पुलावरून विलिंग्डन बेटावर गेलो. हे बेट निसर्गाने केलेले नाही, हे आपण आईला आधीच सांगून ठेवले होते, आणि तिथे पाऊल ठेवताच तिने ते मला शिकवायला सुरुवात केली. कोचीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, त्यामुळे मोठी जहाजे आत येऊ शकत नव्हती. 1920 च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो बांध कापून मार्ग खोल केला गेला, आणि उपसलेल्या गाळाच्या भरावातून हे बेट उभे राहिले. 1928 साली पहिले जहाज आतल्या बंदरात आले. आज लक्षद्वीपच्या प्रवाशांची तपासणी याच बेटावर होते. रांगेत आमच्या पुढे कोचीच्या रुग्णालयातून उपचार घेऊन घरी निघालेले एक आजोबा होते, महाविद्यालयाच्या सुट्टीत परत चाललेल्या मुली होत्या, तांदळाची पोती आणि पंखे घेऊन निघालेली कुटुंबे होती. आपण सांगितले होते की हे जहाज आधी बेटावरच्या लोकांचे आहे आणि मग पाहुण्यांचे. तिथे झगमगाट शोधू नका, आणि त्यांच्या आधी चढण्याची घाई करू नका. ते वाक्य मनात असल्यामुळे त्या रांगेत उभे राहणे हाच मला प्रवासाचा एक भाग वाटला.

एम. व्ही. कावरत्ती या जहाजातून 700 प्रवासी जाऊ शकतात. केबिन शक्यतो जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागा, कारण झोपाळ्याच्या मधोमध बसणाऱ्याला झोका कमी जाणवतो तसेच जहाजाचे असते, हा आपला सल्ला आम्ही पाळला. आईला बसगाडीसुद्धा लागते, त्यामुळे बोट लागण्याची भीती आम्हाला सर्वांत जास्त होती. औषध त्रास सुरू होण्याआधी घ्यायचे, पोट रिकामे ठेवायचे नाही आणि गच्चही भरायचे नाही, अस्वस्थ वाटू लागले की केबिनमध्ये पडून न राहता डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसायचे, हे सर्व तिने एका वहीत लिहून घेतले होते. आपण दिलेला आलेपाकही बरोबर होता. फोर्ट कोची आणि वायपीन यांच्या मधून जहाज बाहेर पडले, उजव्या-डाव्या हाताचे किनारे मागे गेले, वाट दाखवणारा बंदराचा पायलट शिडीवरून आपल्या छोट्या बोटीत उतरून परतला, आणि हे सगळे आई कठड्याला धरून पाहत होती. कावरत्ती बेट कोचीपासून सुमारे 400 किलोमीटर आहे. ती रात्र तिने शांत झोपून काढली.

दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर असा त्या सहलीचा क्रम असतो, म्हणजे होडीत उतरणे आणि पुन्हा चढणे प्रत्येक बेटावर आले. पहिल्या वेळी दारातून खाली पाहिल्यावर माझेच पाय थबकले, कारण होडी आत्ता हाताशी दिसत होती आणि दुसऱ्या क्षणी माणसाच्या उंचीइतकी खाली गेलेली असायची. खलाशाने हात पुढे केला. आईने पंजा न धरता मनगटाच्या वर धरले. त्या तरुणाने तिच्याकडे जरा निरखून पाहिले, मग मान हलवली, लाट येऊ दिली आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला नाही, पण आईने पाऊल टाकले होते आणि ती होडीत बसलेलीही होती. काका, आपण हा क्षण पाहायला हवा होता असे मला मनापासून वाटले. जिन्यावरच्या त्या संध्याकाळी नसत्या तर आई जहाजावरच बसून राहिली असती आणि तिने लांबून बेटांच्या रेषा पाहिल्या असत्या.

कल्पेनी बेटाच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा मोठा बांध आहे; 1847 च्या वादळाने तो समुद्रातून वर फेकला. आईने त्यावरून हात फिरवला, पण एकही तुकडा उचलला नाही. प्रवाळ उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये, हे आपण बजावले होते. समुद्राचे पाणी तापल्यामुळे 1998, 2010 आणि 2016 साली तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, हेही आपणच सांगितले होते, त्यामुळे काचेच्या तळाच्या होडीतून खाली पाहताना नुसते रंग पाहून आम्ही हरखलो नाही. कुठे जिवंत आहे आणि कुठे राखाडी झाले आहे तेही पाहिले. मुलींना शाळेत पाठवण्याची सुरुवात लक्षद्वीपमध्ये प्रथम कल्पेनीत झाली असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्या एका वाक्यावर आई तिथल्या शिक्षिकेशी मोडक्या हिंदीत कितीतरी वेळ बोलत बसली, आणि दुपारच्या जेवणासाठी मला तिला उठवून न्यावे लागले.

कावरत्तीत आपण पाहायला सांगितलेला पाण्याचा प्रकल्प आम्ही विसरलो नाही. आपल्यातल्या इंजिनिअरला तो का प्रिय आहे ते तिथे उमगले. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी गरम असते आणि साडेतीनशे मीटर खोलीवरचे थंड; हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत गरम पाण्याची वाफ करायची आणि खालून आणलेल्या थंड पाण्याच्या साहाय्याने तिचे पुन्हा पाणी करायचे, इतकी साधी ही युक्ती आहे. 2005 पासून हा प्रकल्प दिवसाला एक लाख लिटर पिण्याचे पाणी देण्याच्या क्षमतेने उभा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आम्हा विदर्भातल्या माणसांना याचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागत नाही. आईने ते पाणी पिऊन पाहिले आणि ‘चांगले आहे’ असा मोजका अभिप्राय दिला.

मिनिकॉय बेटाला जाताना नऊ अंशांची खाडी, म्हणजे ते बेट आणि बाकीची बेटे यांच्यामधला समुद्राचा पट्टा, ओलांडावी लागते, तिथे जहाज डोलेल, त्या रात्री लवकर आणि हलके जेवा, हे आपले शब्द तंतोतंत खरे ठरले. जहाज डोलले, पुष्कळ प्रवासी आजारी पडले, आणि आई मात्र वही उघडून वाचत, आलेपाक चघळत बसली होती. शेजारच्या केबिनमधल्या एका तरुण जोडप्यालाही तिने तो वाटला आणि क्षितिज दिसेल तिथे जाऊन बसा म्हणून सांगितले. मिनिकॉयचा 1885 चा दीपस्तंभ ती चढली नाही. गुडघ्यांना विचारून काय करायचे ते ठरवा, हेही आपलेच सांगणे होते. मी वर गेले, ती खाली नारळाच्या सावलीत बसून गळाने एकेक ट्यूना पकडणाऱ्या कोळ्यांच्या गोष्टी ऐकत राहिली, आणि परत आल्यावर माझ्यापेक्षा तिच्याकडेच सांगण्यासारखे जास्त होते.

वयस्कर माणसाच्या इच्छेला आपल्याकडे एकतर हसून बाजूला सारतात किंवा मुलासारखे समजावून गप्प करतात. आपण आईशी एखाद्या नव्या खलाशाशी बोलावे तसे बोललात, तिला धोका सांगितलात, तो कसा हाताळायचा ते शिकवलेत आणि जायचे की नाही याचा निर्णय तिच्यावर सोडलात. या सन्मानाची परतफेड माझ्याकडून होणार नाही.

एक विनंती मात्र आहे. आईची वही वाचून आमच्या वसाहतीतल्या तिच्या तीन मैत्रिणींनी जायचे ठरवले आहे. पावसाळा संपून ऑक्टोबरमध्ये हंगाम पुन्हा सुरू होईल, त्याआधी जिन्यावरची तालीम घेण्याची तयारी आईने दाखवली आहे, पण त्यांना समोर उभे राहून खरे काय ते सांगायला आपणच हवे आहात. दसऱ्याच्या आधीची कोणतीही संध्याकाळ आपल्याला सोयीची असेल तर कळवावे; आम्ही सर्व जण जिन्यापाशी हजर राहू.

आपली नम्र,
भूगोलाच्या बाईंची मुलगी
नागपूर