‘व्होल्टेज आलं’ म्हणण्याआधी कर्ण्यांचे वॅट मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की दुरुस्तीच्या दुकानांत जळालेल्या ॲम्प्लिफायरची रांग लागते आणि प्रत्येकाबरोबर एकच निदान येते: ‘लाइटचं व्होल्टेज वाढलं, मशीन गेलं.’ कधी कधी ते खरेही असते. पण मेन्सचा फ्यूज शाबूत, पॉवर सप्लाय शाबूत आणि फक्त आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले, असे दिसले तर दोष बहुतेक वेळा मांडवातल्या जोडणीत असतो. ॲम्प्लिफायर जितका भार झेलू शकतो त्याहून जड भार, म्हणजेच कमी ओहमचा भार, त्याच्या गळ्यात बांधलेला असतो. त्यासाठी हे पत्र.

मंडळांचे, देवळांचे आणि शाळांचे कर्णे बहुधा शंभर व्होल्टच्या लाइनवर, म्हणजे पूर्ण आवाजात ॲम्प्लिफायरकडून शंभर व्होल्टचा सिग्नल नेणाऱ्या वायरीवर चालतात. ॲम्प्लिफायरच्या मागे कॉमन, ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट अशा वायर जोडायच्या पट्ट्या असतात. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग करून वॅटने भागायचे. १०० वॅटच्या ॲम्प्लिफायरला शंभर व्होल्टच्या पट्टीवर कमीत कमी १०० ओहमचा भार हवा, २५० वॅटच्याला कमीत कमी ४० ओहमचा. ओहम याहून जास्त असले तर काही बिघडत नाही. कमी झाले की करंट वाढतो, ट्रान्झिस्टर तापतात आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री मशीन मान टाकते.

एक उदाहरण घेऊ. मंडळाकडे २५० वॅटचा ॲम्प्लिफायर आहे आणि चौकाचौकात मिळून १२ कर्णे. प्रत्येक कर्ण्याच्या लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मरला (कर्णा लाइनशी जोडणारा लहान ट्रान्सफॉर्मर) ३० वॅटचा टॅप, म्हणजे कर्ण्याने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारे टोक, लावलेला. बेरीज ३६० वॅट, भार सुमारे २८ ओहम. हवे होते ४०. प्रत्येक कर्णा ‘फक्त तीसचा’ आहे म्हणून कुणाला शंका येत नाही. बेरीज कुणी केलेलीच नसते. तेच बारा कर्णे १५ वॅटच्या टॅपवर घेतले तर बेरीज १८० आणि भार साडेपंचावन्न ओहम. मशीन निवांत. कार्यकर्ते लगेच म्हणतात, आवाज निम्मा होईल. होत नाही. वॅट निम्मे केले की आवाज ३ डेसिबलने उतरतो आणि तो फरक मांडवाच्या गोंगाटात कानाला जेमतेम कळतो. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे, तेव्हा ते ३ डेसिबल गेल्याचे दुःख फारसे करू नये.

काही ट्रान्सफॉर्मरवर वॅटऐवजी ओहम लिहिलेले असतात. शंभर व्होल्टच्या लाइनवर ३३३ ओहम म्हणजे ३० वॅट, ६६७ म्हणजे १५ आणि १००० म्हणजे १०. कर्णे आधीच खांबांवर चढले असतील आणि पुन्हा शिडी लावायची तयारी नसेल, तर ॲम्प्लिफायरच्या मागची एकच वायर १०० वरून ७० व्होल्टच्या पट्टीवर घ्यावी. सगळ्या कर्ण्यांना मिळणारे वॅट निम्म्यावर येतात. त्या पट्टीवर २५० वॅटच्या मशीनला साधारण २० ओहमपर्यंतचा भार चालतो, त्यामुळे वरचा २८ ओहमचा भारही तिथे सुखाने बसतो. मात्र एका वेळी एकच पट्टी वापरायची. शंभरवर कर्णे आणि शिवाय स्टेजसाठी आठ ओहमच्या पट्टीवर एक बॉक्स, ही जोडणी सर्रास दिसते आणि तीच सर्वांत महाग पडते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बारा कर्ण्यांत एक ‘बाहेरचा’. शेजारच्या मंडळाकडून आणलेल्या कर्ण्याच्या युनिटला (मागच्या आवाज काढणाऱ्या भागाला) ट्रान्सफॉर्मरच नसतो, ते सरळ १६ ओहमचे असते. ते शंभर व्होल्टच्या लाइनवर जोडले की पूर्ण आवाजात एकटेच ६२५ वॅट मागते. आधी त्याची कॉइल जळते किंवा आधी ट्रान्झिस्टर जातात, एवढाच प्रश्न उरतो. उलटी चूक निरुपद्रवी पण चक्रावून टाकणारी. ट्रान्सफॉर्मरचा १५ वॅटचा कर्णा चुकून १०० वॅटच्या मशीनच्या ४ ओहमच्या पट्टीवर लावला, तर त्याला जास्तीत जास्त २० व्होल्ट मिळतात आणि वॅट पडतात ०.६. मग ‘युनिट खराब आहे’ म्हणून चांगले युनिट बदलले जाते.

मल्टिमीटर लावून ‘शॉर्ट दाखवतोय’ असे म्हणणाऱ्यांचीही फसगत होते. मीटर ओहमच्या रेंजवर डीसी रोध दाखवतो, इम्पिडन्स (आवाजाच्या एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध) नाही. १६ ओहमच्या युनिटवर बारा-तेरा ओहम दिसणे योग्यच आहे, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (लाइनकडच्या वेटोळ्यावर) तर छापील आकड्याच्या मानाने फारच कमी दिसते. लाइनचा खरा अंदाज हवा असेल तर १०० व्होल्टच्या पट्टीतून बाहेर पडणाऱ्या एका वायरीत १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घालावा. मोबाइलवरून ४०० हर्ट्‌झचा सलग सूर द्यावा (स्वस्त मीटर त्यापुढे नीट मोजत नाहीत) आणि आवाजाचे बटण अगदी खाली ठेवून, रेझिस्टरवर दोन व्होल्ट येतील इतकेच वाढवावे. मग एसी रेंजवर लाइनच्या दोन वायरींमधले व्होल्ट बघावेत. रेझिस्टरवर २ आणि लाइनवर ०.६ आले तर भार साधारण ३० ओहम. २५० वॅटच्या मशीनला तो जड आहे. आवाज न वाढवता कळले, मशीनही वाचले. हा रेझिस्टर कार्यक्रम सुरू करण्याआधी आठवणीने काढावा.

शंभर व्होल्टची लाइन मुळात का वापरतात, हे समजले तर अर्ध्या चुका टळतील. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा १०० मीटरचा जाऊन-येऊन रोध सुमारे २.४ ओहम. १०० वॅटच्या मशीनची ८ ओहमची पट्टी घेऊन आठ ओहमचा स्पीकर इतक्या लांब नेला तर स्पीकरपर्यंत ५९ वॅट पोहोचतात आणि १८ वॅट वायर तापवण्यात जातात. शंभर व्होल्टवर त्याच वायरीत दोन-सव्वादोन वॅटच जातात आणि कर्ण्यांना ९५ वॅट मिळतात. याची किंमत एकच: या लाइनला झटका बसतो. भाद्रपदातल्या पावसात उघडे पिळलेले जोड लोखंडी खांबाला टेकू देऊ नयेत.

बेरीज बरोबर असूनही मशीन जाते, तेव्हा संशय बासवर घ्यावा. लाइन ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा बोलण्यासाठी पुरेसा, लहानसा असतो. तेच व्होल्टेज निम्म्या फ्रीक्वेन्सीला दिले की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह दुप्पट होतो. आरतीत काही होत नाही. डीजेचे गाणे लागले आणि ५०-६० हर्ट्‌झचे ठोके सुरू झाले की गाभा भरून जातो (आणखी चुंबकीय प्रवाह त्यात मावत नाही), इम्पिडन्स कोसळतो आणि ॲम्प्लिफायरच्या पुढ्यात त्या क्षणापुरते नुसत्या तांब्याच्या तारेचे वेटोळे उरते. शिवाय कर्ण्याच्या युनिटचा पडदा असल्या ठोक्यांनी फाटतो तो वेगळाच. म्हणून कर्ण्यांच्या लाइनवर बासचे बटण पूर्ण उतरवावे, लो-कट (खालचे सूर कापणारा) स्विच असेल तर तो चालू ठेवावा, आणि ज्यांना ठोके हवेतच त्यांनी त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर आणि वेगळे बॉक्स घ्यावेत.

‘मॅचिंग’ या शब्दानेही घोळ घातला आहे. भाराचा रोध उगमाच्या (इथे ॲम्प्लिफायरच्या) रोधाइतका असला की जास्तीत जास्त शक्ती मिळते, हे पुस्तकात बरोबर आहे, पण तेव्हा निम्मी शक्ती उगमातच जळते. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट रोध एका ओहमहूनही कमी असतो. त्याच्याशी ‘जुळणारा’ भार लावणे म्हणजे तो शॉर्ट करणेच. पट्टीवरचा ८ हा आकडा ‘याहून कमी नको’ असे सांगतो, बस. खरी समसमान जुळवणी लागते ती केबल टीव्हीसारख्या ठिकाणी. ५०० मेगाहर्ट्‌झला केबलमधली तरंगलांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि ७५ ओहमची साखळी कुठे तुटली तर सिग्नल मागे परततो. आवाजाच्या १० किलोहर्ट्‌झला हीच लांबी वीस किलोमीटर होते, त्यामुळे मांडवातल्या वायरीत असल्या परावर्तनाची चिंता नको. (स्पीकरशिवाय मशीन चालू करायचे नाही, हा जुन्या मंडळींचा दंडक व्हॉल्व्हच्या काळातला. तेव्हा तो अगदी योग्य होता.)

माइकच्या बाजूलाही हाच विषय, पण तिथे लक्षण वेगळे: मशीन जळत नाही, शब्द जळतात. ५० किलोओहमचा स्वस्त माइक वीस मीटर शिल्डेड वायरीवर लावला की वायरीची सुमारे २००० पिकोफॅरडची कपॅसिटी त्याला समांतर येते आणि १६०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज गळू लागतो. नेमकी तिथेच स, श, च यांची जागा असते. वक्ता ‘सभासद’ म्हणतो आणि शेवटच्या रांगेत नुसते पुटपुटणे पोहोचते. मग ट्रेबल वाढवतात आणि शिट्टी सुरू होते. ६०० ओहमच्या माइकला त्याच वायरीवर ही मर्यादा १ लाख हर्ट्‌झच्याही पलीकडे जाते. तेव्हा लांब वायरीला कमी ओहमचाच माइक घ्यावा.

मंडळांनी यंदा ध्वनिव्यवस्थेचे कोटेशन मागवताना ‘किती वॅटचं मशीन’ एवढेच विचारू नये. लाइन किती व्होल्टची, कर्णे किती आणि प्रत्येकाचा टॅप कितीचा, हे तीन आकडे लिहून घ्यावेत. टॅपची बेरीज मशीनच्या वॅटच्या ८० टक्क्यांपुढे जात असेल तर सही करू नये. तो कागद ॲम्प्लिफायरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला, तर रात्री अकरावा-बारावा कर्णा ‘जाता जाता’ जोडणाऱ्यालाही तो दिसेल.

कळावे,
ध्वनिक्षेपण यंत्रांच्या दुरुस्तीतला एक वाचक, सातारा