यंत्रासोबत माणूसही मंजूर करा

महोदय,

प्रथिनांची त्रिमितीय रचना उलगडणारी यंत्रे प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतंत्रपणे परवडत नाहीत, म्हणून ती सामायिक केंद्रांत ठेवून सर्वांना वेळ वाटून दिला जातो, हे योग्यच आहे. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९चे नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांचे कामही सामायिक सिंक्रोट्रॉन केंद्रांतील, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून मिळवलेल्या, अतिप्रखर क्ष-किरणांवाचून झाले नसते. मात्र अशा केंद्राला मंजुरी देताना यंत्राची किंमत बारकाईने तपासली जाते आणि ते चालवणाऱ्या माणसाचा विचार अगदी शेवटी, तोही कंत्राटी पदापुरताच होतो.

गोठवलेल्या नमुन्यातील रेणूंची चित्रे इलेक्ट्रॉनांच्या झोताने टिपणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचेच घ्या. जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाच्या, सूक्ष्म छिद्रांच्या जाळीवर नमुन्याचा सुमारे ३ मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, जास्तीचे द्रव टिपकागदाने टिपायचे आणि जाळी तत्क्षणी अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची, म्हणजे पाण्याला स्फटिक होण्याची सवड न मिळता ते काचेसारखे गोठते. बर्फ जाड झाला तर रेणू नीट दिसत नाहीत, फार पातळ झाला तर ते छिद्रांच्या कडेला ढकलले जातात आणि जाळी हलवताना ती थोडी जरी तापली तरी स्फटिक धरून नमुना वाया जातो. हा अंदाज पुस्तिका वाचून येत नाही. त्यासाठी हात बसावा लागतो.

काही वर्षांपूर्वी बऱ्याच प्रतीक्षेनंतर आम्हाला एका केंद्रात दोन दिवस मिळाले. तेथील अनुभवी शास्त्रज्ञाची मुदत नुकतीच संपली होती आणि जागा रिकामी होती. पहिला दिवस जाड बर्फाच्या जाळ्या बाद करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी एक जाळी चांगली निघाली, तेव्हा हाती चार तास उरले होते. महागड्या यंत्रावर चढवण्यापूर्वी जाळ्या पारखण्यासाठी कमी क्षमतेचा सूक्ष्मदर्शक शेजारच्याच खोलीत होता, पण तो चालवणारे कोणी नव्हते. माझ्या विद्यार्थिनीचे वर्षभराचे प्रथिन त्या दोन दिवसांत संपले, याची खंत आजही वाटते.

निधी देणाऱ्या संस्थांनी यंत्राच्या खरेदीबरोबरच त्याच्या कार्यकाळाइतकी कायम पदे आणि देखभालीचा खर्च मंजूर करावा. तशी तरतूद नसलेला प्रस्ताव परत पाठवावा. जाळ्या पारखण्याचा वेळ मुख्य वेळेतून कापू नये, विशेषतः नवख्या गटांसाठी. आणि ज्यांच्या हातून नमुना उभा राहिला, त्या केंद्रातील शास्त्रज्ञांची नावे शोधनिबंधाच्या आभारांत नव्हे, लेखकांत असावीत.

– संरचनात्मक जीवशास्त्रातील एक संशोधक