गिर्येची गोदी ओहोटीला दाखवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

फोनवर तुम्ही मला धड थँक्यू म्हणूच दिलं नाहीत, "ठेवतंय रे, जेवाक बसलंय" म्हणालात आणि फोन बंद. म्हणून आता हे लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं हे एका सकाळच्या ओळखीत कळलं मला.

मी विजयदुर्ग त्याआधी दोनदा बघितला होता. तीन तटबंद्या, बुरुज, सगळं फिरून झालेलं, गाइडचं ऐकून झालेलं. पण मराठ्यांच्या आरमाराबद्दल इतकं वाचत असून जिथे त्या बोटी दुरुस्त व्हायच्या ती जागा मी पाहिलीच नव्हती, आणि याची खंत होती. म्हणून या वेळी खास गोदीसाठी आलो, दुपारी वाघोटणच्या खाडीवर पोचलो तर समोर नुसतं पाणी आणि तिवरं, दोन-चार दगड वर डोकावतायत, बस. भरतीचं वेळापत्रक बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तसाच परत फिरणार होतो, तेवढ्यात तुम्ही वाटेत भेटलात आणि विचारलंत कोण, कुठचे, आणि मी सांगितल्यावर म्हणालात, "आता येवन काय बघतलंस? सकाळी सुकतीक ये."

सकाळी आलो आणि काका, खरंच सांगतो, तोंडातून शब्द फुटेना. पाणी उतरलेलं आणि जिथे काल काहीच नव्हतं तिथे एवढा मोठा चौक उघडा पडलेला. पुस्तकात वाचलेलं, साधारण १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, पण आकडा वाचणं वेगळं आणि त्या चिखलात घोट्यापर्यंत रुतत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाणं वेगळं. काही भाग सरळ कातळ फोडून काढलेला, काही ठिकाणी चुना न घालता नुसते दगडावर दगड रचलेले, त्यांना आता कालवं चिकटलीयत. तुम्ही मला एका दगडावर हात ठेवायला लावलात, सांध्यात बोट घाल म्हणालात, आणि बोट जाईना. इतकी वर्षं रोज दोनदा पाणी आत येतंय बाहेर जातंय आणि तो सांधा अजून तसाच!

पण सगळ्यात जास्त आभार त्या करवंटीबद्दल. मला ड्राय डॉक म्हणजे काय हे माहीत होतं, पंप, मोठाले दरवाजे, आत कोरडी पडलेली बोट वगैरे, पण पंप नसताना ते कसं जमायचं हे काही केल्या डोळ्यासमोर येत नव्हतं. तुम्ही खडकातल्या एका खाचेत पाणी होतं तिथे बसलात, अर्धी करवंटी तरंगत आत सरकवलीत, तिच्या खाली दोन बारीक काटक्या आडव्या ठेवल्यात आणि बोटाने पाणी वाहायला वाट करून दिलीत. पाणी गेलं, करवंटी काटक्यांवर टेकली. मग त्याच वाटेवर चिखलाचा गोळा दाबलात आणि म्हणालात आता भरती आली तरी ही सुकीच. झालं! उधाणाच्या भरतीला बोट आत घ्यायची, ओहोटीला पाणी आपोआप उतरतं, मग तोंड बंद करून घ्यायचं आणि खालून काम चालू, फळ्यांच्या फटीत कापूस नि राळ ठासायची, पोखरलेलं लाकूड बदलायचं, तळाला चुना नि तेल फासायचं. तुम्ही स्वतः बोटी बांधलेल्या म्हणून तुम्हाला हे सांगावंसं वाटलं, आणि पठाण, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, कुठे टेकवायचं, आधार कुठे लावायचा हे तुम्ही हाताने दाखवत होतात तेव्हा मला तिथे गुराब, आपली जुनी लढाऊ बोट, उभी दिसत होती. दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढची नाळ निमुळती नि बुटकी, आणि त्या नाळेवरून समोर तोंड केलेल्या दोन तोफा.

आपल्याकडे सरखेलांची, म्हणजे आरमारप्रमुखांची नावं शाळेपासून पाठ असतात, निदान कान्होजी आंग्र्यांचं तरी. १७१३ ला बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, मग १७२० ला इंग्रज तरंगता तोफखाना घेऊन विजयदुर्गावर आले आणि हात हलवत गेले, १७२४ ला डच आले, तेही तसेच गेले. १७२९ ला कान्होजी गेले. नंतर सेखोजी, मग भावाभावांत वाटणी, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी इकडे, आणि संभाजींनंतर तुळाजी. लढाया झाल्या, जिंकल्या, हरल्या, हे सगळं लिहिलेलं आहे. पण लढून आलेली, तळ फाटलेली गुराब पुन्हा समुद्रात जायची ती या चौकातून जायची, आणि तुमच्याबरोबर त्या चिखलात उभं राहीपर्यंत मी या दोन गोष्टी कधी एकत्र ठेवून बघितल्याच नव्हत्या.

आणि १७५६. तुम्ही किल्ल्याच्या दिशेला हात करून म्हणालात "थंय जळली" आणि गप्प झालात. मी घरी येऊन परत वाचलं. तेव्हा तुळाजींकडे ७४ तोफांचं एक जहाज, आठ गुराबा आणि साठेक गलबतं होती, शिवाय दोन मोठी जहाजं बांधणीत होती, त्यातलं एक ४० तोफांचं. फेब्रुवारीत इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार आलं, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि पेशव्यांचं सैन्यही आपल्याच सरखेलाच्या विरोधात इंग्रजांबरोबर, हे वाचताना अजूनही पोटात कालवतं. एक तोफगोळा रेस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला, तुळाजींनी आधी इंग्रजांकडूनच पकडलेलं जहाज ते, आणि सगळ्या बोटी एकमेकींना बांधून ठेवलेल्या म्हणून आग एकीवरून दुसरीवर जात संपूर्ण आरमार जळालं. बांधणीतली जहाजंसुद्धा. मला जास्त लागलं ते हे की वॉटसनच्या बोटी इथे यायच्या आधी मुंबईत दुरुस्त होऊन आल्या होत्या, जिथे १७३६ ला सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी काम उभं केलं आणि १७५० पर्यंत दगडी ड्राय डॉक तयार झालेली. म्हणजे एका गोदीतून निघालेलं आरमार दुसऱ्या गोदीवर आलं. ती मुंबईची गोदी आज नौदलाकडे आहे, तिथे ॲडमिरल सुपरिंटेंडंट बसतात, आणि इथे तिवरं.

पण तुम्ही मला तिथेच थांबू दिलं नाहीत त्याबद्दलही थँक्यू. "धुळप इसारलंस काय?" म्हणालात. खरंच विसरलो होतो. इंग्रजांनी बाणकोट घेऊन किल्ला पेशव्यांना परत दिला, पुढे आनंदराव धुळप आरमाराचे सुभेदार झाले, एप्रिल १७८३ ला त्यांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांची रेंजर नावाची बोट लढून पकडली. इंग्रज-मराठ्यांत सालबाईचा तह झालेला असल्यामुळे ती परत द्यावी लागली ती गोष्ट वेगळी. आरमार जळून २७ वर्षं झाली होती, आणि १८१८ पर्यंत विजयदुर्ग आपल्याकडेच होता. धुळपांचा वाडा बघून जा म्हणालात म्हणून गेलो, भिंतीवरची चित्रं बघितली, नाहीतर त्या रस्त्याने मी सरळ एस.टी. स्टँडलाच गेलो असतो.

फोटोंच्या प्रिंट काढल्यात, पोस्टाने पाठवतोय. करवंटीचा फोटो नीट आला नाही, तुमचा हात हलला, पण तुमची बोटं आणि मागे गोदीचं तोंड दिसतंय, तो मी माझ्याकडेही ठेवलाय. तुम्ही म्हणालात अमावास्येच्या सुकतीला अजून खालचा थर उघडा पडतो, तर दिवाळीत येतो, या वेळी लांब टेप घेऊन, आणि तोंडाची रुंदी आपण दोघांनी मिळून मोजायची. काकूंना नमस्कार सांगा.