अनुदानाच्या यादीत खाते क्रमांक कशाला?

महोदय,

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी आमच्या गावात चावडीच्या भिंतीवर डकवली, तेव्हा नाव आणि रकमेशेजारी बँक खात्याचे व मोबाइलचे क्रमांकही छापलेले होते. संध्याकाळपर्यंत तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंना ‘केवायसी अडली आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला. (काकूंनी फोन सरळ नातवाच्या हाती दिला, म्हणून निभावले.)

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. मात्र त्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी शासकीय यंत्रणांना सूट देऊ शकते, तर कलम ४४ ने माहिती अधिकारात वैयक्तिक माहिती नाकारण्यावरच्या अटीच काढल्या. माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८(२) मधील, जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची वाट तेवढी उरली आहे.

यादीत नाव, गट क्रमांक आणि रक्कम असावीच, कारण बोगस लाभार्थी त्यानेच उघडे पडतात. खात्याचे शेवटचे चार आकडे पुरेत, मोबाइल क्रमांकाचे तर तिथे कामच नाही. महसूल विभागाने तसा नमुना पुढच्या यादीआधी ठरवून द्यावा.

– एक शेतकरी, जि. लातूर