कस्टाराच्या टँटींना पत्र

प्रिय टँटी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. टोबॅगो बेटावरच्या कस्टारा गावच्या किनाऱ्यावर सगळे तुम्हाला टँटीच, म्हणजे मावशीच, म्हणतात, मीही तेच म्हणते. पत्र मराठीत लिहितेय, कारण इतक्या लांब मला कोणी चुलीपाशी बसवून घेतलं हे माझ्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला भेटीत वाचून आणि समजावून सांगेन.

मी मालवणकडची. नोकरीसाठी कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनला आले आणि सुटीत बोटीने शेजारच्या टोबॅगोला. कस्टाराला लोक किनाऱ्यावरून जाळं ओढताना दिसले आणि माझे पाय तिथेच थबकले. ही तर आमची रापण! तसेच लांब दोर, तशीच माणसांची रांग, आणि दोराला हात लावणाऱ्याला माशांचा वाटा. मीही दोर धरला, कोणी हटकलं नाही. वाटणी झाल्यावर तुम्ही विचारलंत, "मासे घेऊन जातेस, की इथेच शिजवूया?" पहिले आभार त्या प्रश्नाचे.

दुसरे आभार लाकडांचे. वेचायला निघण्याआधी तुम्ही मला मँचिनील दाखवलंत. हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं असलेलं ते झाड किती साधं दिसतं! त्याचं फळ विषारी, चिकाने अंगावर फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभं राहायचं नाही, आणि त्याचं लाकूड जाळलं तर धुराने डोळे जातील अशी आग होते. मग आपण नारळाची सोडणं आणि सुकी काटकी आणली, तीन दगड मांडले आणि टोप चढवला.

तुमचा फिश ब्रॉथ मला मनापासून आवडला तो त्याच्या क्रमासाठी. कॅरीट मासा आमच्या सुरमईच्याच कुळातला. त्याचे तुकडे लिंबू-मिठाने चोळून धुतलेत, शॅडो बेनी (कोथिंबिरीसारख्या वासाची पानं), थाइम, लसूण आणि कांद्याची पात वाटून लावलीत आणि बाजूला ठेवलेत. टोपात आधी नुसतं डोकं. मग अळकुड्या आणि कच्ची केळी, कारण त्यांना वेळ लागतो. केळी सोलण्याआधी हाताला तेल लावायला सांगितलंत, तेव्हा मला माझी आजीच आठवली. मग कणकेचे लांबट गोळे, भेंडी, आणि देठासकट एक अख्खी मिरची. ती वर तरंगत राहायला हवी, फुटता कामा नये. वास द्यायचा, तिखट नाही. माशाचे तुकडे अगदी शेवटी, आणि त्यानंतर डाव घालायचा नाही, टोपच हलवायचा.

आमच्याकडे माशाचं सार म्हणजे खोबरं, मिरची, तिरफळं, सोलं. ते मला प्राणाहून प्रिय आहे. पण ताजा मासा मसाल्याच्या आधाराशिवाय एवढं बोलतो हे मला तुमच्या वाडग्यात कळलं. मला वाटतं, असा ब्रॉथ त्याच दिवशीच्या माशाचाच करावा. बर्फातल्या माशाला तो झेपत नाही.

आणि टँटी, तुमच्या कॅललूबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध आणि खेकडा! आमच्या अळूच्या फदफद्याला खेकड्याची सोबत देण्याचं कोणाला सुचलं नसावं, निदान आमच्या घरी तरी नाही.

आता त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावर, लास क्युएव्हासला आम्ही ओळखीची चार घरं मिळून जातो. मुलं सोडणं गोळा करतात. मँचिनील ती आता लांबूनच ओळखतात. ते मी त्यांना सगळ्यात आधी शिकवलं. मासा कधी घालायचा हे मात्र अजून मीच ठरवते.

मालवणहून सोलं मागवली आहेत. येताना घेऊन येते. तुमच्या टोपात लिंबाऐवजी दोन टाकून बघायची का, ते तुम्ही सांगायचं.

तुमची,
रापणीचा दोर धरलेली मालवणची मुलगी